वर्षाची बेगमी, महिन्याचे पैसे

मला मिळालेली शिष्यवृत्ती फीची होती, पोटाची नव्हती. जर्मनीहून आलेल्या पत्रात हे स्वच्छ लिहिलेलं होतं, पण आमच्या घरात ते पत्र चारदा वाचूनही सगळ्यांना पहिलंच वाक्य दिसलं. बाबांनी गावात पेढे वाटले. पत्राच्या दुसऱ्या पानापर्यंत पोचली ती एकटी आई, तीही पत्राला हात न लावता. ती चौथी शिकलेली. पेढ्यांचा पुडा बांधता बांधता तिनं विचारलं, "शिकणं फुकट झालं, चांगलं झालं. पण तिथं खाशीन काय?"

आमचं गाव अमरावतीपासून तासाभराच्या अंतरावर. जमीन काळी, कोरडवाहू. कापूस, तूर आणि घरापुरता गहू. आईची एक म्हैस होती, तिच्या दुधाचे पैसे डेअरीतून महिन्याला येत, पण आई ते किरकोळीत धरायची. खरा पैसा म्हणजे कापसाचा, आणि त्यानं लागोपाठ दोन वर्षं दगा दिला होता. तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या ज्या बातम्या तेव्हा संध्याकाळी टीव्हीवर लागत त्या सुरू झाल्या की बाबा उठून बाहेर जात. अशा दिवसांत त्यांनी रस्त्यालगतचं एक एकर विकलं आणि माझं विमानाचं भाडं आणि पहिल्या सहा महिन्यांचा खर्च उभा केला. त्यापुढे मी तिथंच काहीतरी काम करून भागवायचं, असं ठरलं. घरून दुसऱ्यांदा पैसे मागायचे नाहीत, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

आईनं घर कसं चालवलं ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. आमच्याकडे पैसा वर्षातून एकदा यायचा, म्हणून घरही वर्षाचंच चालायचं. चैत्रात अंगणात गहू वाळत पडायचा. आई त्याला एरंडेल चोळायची, कडुलिंबाचा पाला घालायची आणि माजघरातल्या पत्र्याच्या कोठीत भरायची. तुरीची डाळ, लाल मिरची, कुरड्या, सांडगे, सगळं एकदाच. हातात पैसा आहे तोवर कोठी भरून टाकायची, मग पोळ्यापर्यंत खिसा रिकामा राहिला तरी चूल रिकामी राहत नाही. ढिगाकडे नुसतं बघून ती सांगायची, "यातून दोन पायल्या काढा, बाकीचा पुरते." त्या अंदाजात सासरी गेलेल्या नणंदा, त्यांची सुट्टीत येणारी लेकरं, लग्नसराईतले पाहुणे, सगळे धरलेले असत. पुढच्या चैत्रात कोठी उघडावी तर तळाशी जेमतेम एक पायली. लहानपणी मला हे सगळ्याच आयांना जमतं असं वाटायचं. आता इतकी वर्षं बजेट नावाच्या गोष्टीशी झटून झाल्यावर सांगते, मी भेटलेल्या माणसांत हे इतकं अचूक कुणालाही जमत नव्हतं.

आईची धाकटी बहीण अकोल्याला. तिचे यजमान, म्हणजे आमचे मावसाजी, सरकारी कार्यालयात कारकून. मी शेतकी शिकत असताना चार वर्षं त्यांच्याकडे राहिले. मावशीचं घर महिन्याचं. पगार झाला की ती पिशव्या घेऊन मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात जायची. तिथल्या गल्लीतल्या एका दुकानात मसाले, डाळी, तेल घ्यायची. दुकानदार चाचा तिला बघितलं की म्हणायचे, "आइये, एक तारीख आली वाटते!" आई अकोल्याला आली की मावशीचे डबे उघडून बघायची आणि तिला चिडवायची.

"काय वं हे? किलोभर डाळ, अर्धा किलो गूळ. घर चालवून राहिली का भातुकली खेळून राहिली?"

मावशीही कमी नव्हती. "बाई, तुमचं घर वर्षातून एकदा भरते अन् एकदा संपते. आमचं बारा वेळा भरते अन् बारा वेळा संपते. शेवटल्या तीन दिवसांत येऊन पाय एकदा, मंग समजन."

हे सगळं मी चार वर्षं ऐकलं आणि शिकले शून्य. मी त्या घरात खाणारी होते, चालवणारी नव्हते.

मार्चअखेरीस मी जर्मनीत पोचले. विद्यार्थी वसतिगृहात एक खोली, सहाजणांत मिळून एक स्वयंपाकघर, त्यात माझ्या वाट्याला फडताळातला एक कप्पा. बँकेत सहा महिन्यांचे पैसे एकदम जमा झाले होते. एवढी रक्कम एका जागी बघितली आणि माझ्या अंगातली आई जागी झाली. वसतिगृहाजवळ एका तुर्की माणसाचं वाणसामानाचं दुकान होतं. तिथून मी तांदूळ आणला वीस किलो, मसूर दहा किलो, मूग पाच किलो, कांद्यांचं पोतं आणि कणीक चाळीस किलो. दुकानदारानं तीनदा विचारलं, हॉटेल काढताय का. मी मान ताठ करून नाही म्हटलं. तीन खेपांत सगळं खोलीवर आणलं, पलंगाखाली लावलं आणि आईला फोन केला. तेव्हा बाबांकडे नवा मोबाइल आला होता. दर रविवारी फोनचं कार्ड घेऊन मी त्यावर बोलायची.

"कणीक?" आई म्हणाली. "वर्षाचं पीठ कोन भरते वं? गहू भरतात."

"इथं गहू मिळत नाही आई, चक्कीही नाही."

आई म्हणाली, "बरं. ऊन दाखवत जाय."

तिनं कसं सांभाळून घेतलं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी शेखी मिरवत राहिले. वसतिगृहातली बाकीची मुलं दर दोन दिवसांनी पिशवीभर सामान आणायची. त्यांच्याकडे बघून मला आईसारखंच वाटायचं, ही काय भातुकली.

जूनमध्ये जरा ऊन पडलं तेव्हा मी वसतिगृहासमोरच्या हिरवळीवर चादर अंथरली आणि मसूर वाळत घातला. कावळ्या-कबुतरांसाठी शेजारी काठी घेऊन बसले. इमारतीची देखभाल करणारे गृहस्थ आले, चादरीभोवती एक फेरी मारली आणि अतिशय सभ्यपणे विचारलं की हे धार्मिक आहे का. मी म्हटलं, नाही, स्वयंपाकाचं आहे. ते म्हणाले, अच्छा, आणि निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की धार्मिक असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

जुलैत कणकेला पाखरं झाली. आधी माझ्या खोलीत एकदोन दिसली, मी दुर्लक्ष केलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. पोलंडच्या मुलीच्या न्याहारीच्या डब्यात अळी निघाली आणि तिनं अख्खा मजला डोक्यावर घेतला. ते सभ्य गृहस्थ पुन्हा आले, या वेळी हातमोजे घालून. माझ्या पलंगाखालचं सगळं काळ्या पिशव्यांत भरून बाहेर गेलं. कणीक, तांदूळ, चादरीवर वाळवलेला मसूरसुद्धा. कोंब आलेले कांदेही गेले. नंतर स्वयंपाकघरात औषध फवारायला माणसं आली आणि त्याचं बिल माझ्या नावावर लागलं. फवारणीचा खर्च आमच्या घराला नवीन नव्हता, पण तो आजवर कपाशीवर झालेला. कणकेवर झालेला मी पहिलाच बघितला.

आता खरं संकट सांगते. सप्टेंबरात माझा राहण्याचा परवाना वाढवून घ्यायचा होता. त्यासाठी आरोग्यविम्याचे हप्ते आणि खोलीचं भाडं थकलेलं नाही, हे दाखवावं लागे. बिल भरलं आणि पोटापुरतं पुन्हा आणलं, तर विम्याचे दोन हप्ते राहत होते. ते राहिले तर परवाना नाही, परवाना नाही तर अर्धं शिक्षण टाकून गावी परत. रस्त्यालगतचं एक एकर पाखरांनी खाल्लं, असं बाबांना सांगायची माझी छाती नव्हती. विद्यापीठाच्या भोजनगृहात भांडी धुण्याचं काम मिळालं होतं, पण त्याचे पहिले पैसे यायला सप्टेंबर उलटणार होता. मला माझाच राग आला होता.

रविवारी आईला कणकेची गोष्ट मी हसवायला म्हणून सांगितली. पोलंडची मुलगी, हातमोजे, सगळं रंगवून. आई हसली नाही.

"फेकलं सारं?"

"सगळं."

"मंग आता कितीक कमी पडतात?"

"काही नाही आई, होते व्यवस्थित."

"मी कमी पडतात का नाही ते नाही विचारलं. कितीक पडतात ते विचारलं."

शेवटी मी आकडा सांगितला. रुपयांत सांगितला. आई म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. पंधरवड्यात मावसाजींच्या बँकेतून पैसे आले. पुढच्या रविवारी आईनं सांगितलं की मावसाजींना पगाराचा जुना फरक मिळाला, मावशीनं तो आपल्या हातानं दिला, परत करायची घाई नाही. मी मनातल्या मनात मावशीच्या पाया पडले. हप्ते भरले, परवाना वाढला. ज्या दिवशी तो शिक्का पडला त्या दिवशी मी पहिल्यांदा तिथल्या बेकरीतून एक गोड पाव विकत घेतला आणि चालता चालता खाल्ला.

पण आईनं विषय तिथं सोडला नाही. तिनं मला महिन्याचं घर शिकवायला घेतलं. मला फार नवल वाटलं, कारण जन्मभर ती वर्षाखेरीज दुसऱ्या मापानं बोललीच नव्हती.

"पैसे आले की आधी ज्याले तारीख हाय ते भर," ती एका रविवारी म्हणाली. "भाडं, विमा. ते आपले नोयच असं समज. उरलं त्याचे आठवड्याचे चार भाग कर. एका हप्त्याचा भाग संपला की दुसऱ्याले हात नाही लावायचा. उपाशी राय, पण हात नको लावू."

दुसऱ्या रविवारी: "बजारात उशिरा जात जाय. उठता बजार सस्ता भेटते. भाजी जराशी सुकली असते, पण शिजवल्यावर कोनाले समजते?" तिथंही शनिवारी चौकात भाजीबाजार भरायचा. मी दुपारी मंडप सोडायच्या वेळेला जाऊ लागले आणि निम्म्या पैशांत पिशवी भरून आणू लागले.

तिसऱ्या रविवारी मीच तिला अडवलं. "आई, चार हप्त्यांचे अठ्ठावीस दिवस होतात. महिना तीस-एकतीसचा. राहिलेले तीन दिवस काय खायचं?"

तिकडे आई तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजू लागली. कार्डाचे पैसे चालले होते. "सांगतो पुढच्या वेळी," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही कधीकधी 'सांगतो' म्हणतात.

पुढच्या रविवारी तिचा आवाजच निराळा होता, काहीतरी सापडल्यासारखा. "आयक. रोज भात लावताना शिजवायचं ते काढून घे, अन् त्यातली एक मूठ माघारी एका वेगळ्या डब्यात टाक. डाळ लावशीन तर डाळीचीबी मूठ. जे असन ते. तांदूळ असो, मूग असो, मसूर असो, एकाच डब्यात. शेवटल्या तीन दिवसांत तो डबा उघडायचा अन् खिचडी टाकायची. ती मूठ रोजच्या जेवणात समजत नाही, पण महिन्याच्या शेवटाले समजते."

"हे तुला मावशीनं सांगितलं का?"

"हो," आई म्हणाली. "तिलेच विचारतो मी सारं."

मी मुरंब्याची एक रिकामी काचेची बरणी धुऊन खिडकीत ठेवली. तेव्हापासून शिक्षण संपेपर्यंत माझ्या प्रत्येक महिन्याचे शेवटचे तीन दिवस त्या बरणीवर निघाले. तांदूळ, मूग, मसूर, कधी थोडे तुरीचे दाणे, सगळं एकमेकांत मिसळलेलं. ती खिचडी एकसारखी शिजत नाही. मूग गळून जातो, मसूर मऊ होतो आणि तूर दाताखाली जराशी टणक लागते. वर तिखट आणि कच्चा कांदा घेतला की बरी लागते. दर महिन्याच्या अखेरीस आई न चुकता विचारायची, "शेवटले तीन दिवस कसे गेले?" मी म्हणायची, "मस्त." ती म्हणायची, "झालं मंग."

बाकी मुलांना महिनाअखेरीस उसने पैसे लागायचे. माझ्याकडे तीन दिवसांची बरणी असायची, आणि एकदा तर त्या पोलंडच्या मुलीलाही मी त्यातली खिचडी वाढली. तिनं आधी ताटात अळ्या शोधल्या, मग दुसऱ्यांदा वाढून घेतली. मी तिला सांगितलं की ही माझ्या मावशीची युक्ती आहे. घरून पुन्हा एक पैसा न मागता माझं शिक्षण पूर्ण झालं. आता मी उत्तम घर चालवते असं मला वाटायला लागलं होतं, आणि त्याचं श्रेय मी मनोमन अकोल्याला देत होते.

दोन वर्षांनी परतले. मी पहिल्या तारखेला येईन असं कळवलं होतं, पण विमानाचं स्वस्त तिकीट तीन दिवस आधीचं मिळालं. आईला चकित करायचं म्हणून न सांगताच गावात उतरले. दुपारची वेळ होती. आई ओसरीवर काहीतरी निवडत बसली होती. मला बघून ती उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि रडायच्या ऐवजी मला रागावली.

"काहून नाही सांगितलं? एक तारखेले येनार होती ना तू? आता काय करू मी?"

"काय करायचं? जे आहे ते वाढ. भूक लागली मले," मी म्हटलं. गावात पाय ठेवल्याबरोबर जीभ आपोआप वळली होती.

ती आत गेली. मला वाटलं पुरणाचं नाही जमलं म्हणून चिडली असेल. मी हातपाय धुतले, बाबांशी बोलले. ते बारीक झाले होते, पण हसत होते. मग ताट आलं. खिचडी, तिखट, कच्चा कांदा.

मी पहिला घास घेतला. मूग गळून गेला होता, मसूर मऊ होता, तूर दाताखाली जराशी टणक लागली. आमच्या घरी मसूर कधी शिजतच नव्हता. आमच्याकडे तूर, कोठीतली. मसूर विकत आणावा लागतो. मी घास तोंडात तसाच ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. एकोणतीस तारीख.

ताट तसंच ठेवून मी माजघरात गेले. कोठीवर टिचकी मारली तर आवाज घुमला नाही, म्हणून बरं वाटलं आणि झाकण उघडलं. आत गोधड्या होत्या. तळापर्यंत गोधड्या.

"रिकामी ठेवली तर झुरळं होतात," आई मागून म्हणाली.

बाबा दारात येऊन उभे होते. आईनं त्यांच्याकडे डोळे वटारले, पण त्यांनी सांगून टाकलं. "त्या वर्षी पोळ्याच्या आधी तुह्या आईनं भरलेली कोठी विकली. गहू, तूर, सारं. मी नाही म्हणत होतो. तिनं आयकलं नाही. मंग पुढचं पीकही तसंच गेलं."

"अन् मावसाजींचा फरक?"

"त्याइले कायचा फरक?" आई म्हणाली. "त्याइच्या बँकेतून पाठवले फक्त."

म्हणजे माझी आई, जिनं मावशीच्या अर्ध्या किलोला भातुकली म्हटलं होतं, ती त्या ऑगस्टपासून म्हशीच्या दुधाच्या पैशांवर महिन्याचं घर चालवत होती. पन्नाशीला आल्यावर. मावशीलाही तिनं काही विचारलं नव्हतं, लाज वाटली असेल. चार आठवड्यांची वाटणी तिची तिनं शोधली होती. उठता बाजार तिनं आधी स्वतः करून पाहिला होता. मी ज्या रविवारी तीन दिवसांचं काय म्हणून विचारलं, त्या रविवारी तिलाही ते माहीत नव्हतं. तो आठवडा तिनं घालवला आणि तिला मूठ सापडली. ती माझ्या फक्त एक आठवडा पुढे होती, आणि मी समजत होते की ती मला मावशीचं पाठांतर म्हणून दाखवते. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी इतकी शरम वाटली की दोन्हींत फरक करता येईना.

"तुले कसं समजलं?" आईनं विचारलं. "ताटावरून?"

"दोन वर्षं हेच खाल्लं मी आई, दर महिन्याले."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग अगदी खरोखरीच्या उत्सुकतेनं, दोन घर चालवणाऱ्या बायका बोलतात तशी, ती म्हणाली, "मंग? बरोबर झाली का? तूर जराशी कच्ची राहते, तिचं काय करते तू?"

"आधी भिजवतो," मी म्हटलं.

"असं व्हय," ती म्हणाली. "मले नाही सुचलं."

मी चुलीजवळ जाऊन बसले. तिथं मुठीचा डबा होता, जुना, तेलाचा. झाकण उघडून बघितलं तर आत एक दाणा नव्हता. तीन दिवसांची मूठ तिनं माझ्यासाठी एका वेळेला शिजवली होती.

"अन् उद्या?" मी विचारलं.

"उद्याचं उद्या पाहू," आई म्हणाली. जी बाई या चैत्रातून पुढचा चैत्र बघायची तिच्या तोंडून मी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मी माझं ताट चुलीजवळ आणलं, ती सगळी खिचडी संपवली आणि आणखी मागितली.